ओट्यासकट

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या गावांत जवळजवळ झाडून सगळ्या दुकानांत एक भाडेकरू असतो. दुकान तुमच्या मालकीचं असो, आजोबांनी बांधलेलं असो, नाहीतर त्यावर पतसंस्थेचा बोजा असो, तो असतोच. त्याला कुणी पाहिलेलं नाही. त्याचा करारनामा नाही, अनामत नाही, पोलिसांकडे नोंद नाही. पण तो महिन्याला किती भाडं देतो हे नगरपरिषदेच्या कर विभागाला चोख माहीत असतं. तुम्हाला ते नोटीस आल्यावर कळतं.

या गृहस्थाचा जन्मदाखला 'महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्यात आहे. (कायद्याचं नाव एका दमात म्हणता आलं तर पट्टीत सूट द्यावी, अशी माझी जुनी सूचना आहे.) कलम ११४ चा मथितार्थ असा, की ही जागा वर्षावर्षाच्या बोलीनं भाड्यानं दिली असती, तर वाजवीपणे किती भाडं येईल याचा अंदाज बांधायचा. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य, आणि त्याच्यावर टक्केवारीनं पट्टी. जागा तुम्ही भाड्यानं दिलीच नाही, द्यायची नाही, दिली तर स्वतः कुठे बसणार, हे प्रश्न कायद्याला पडत नाहीत. त्यानं भाडेकरू आणून ठेवलेला आहे.

मला हा भाडेकरू मनापासून आवडतो. नळाला पाणी नाही म्हणून त्याची कुरकुर नाही. भिंतीत खिळे ठोकत नाही. इतकी वर्षं राहिलो म्हणून पागडीत वाटा मागत नाही. वर्ष संपलं की पुन्हा त्याच जागेत, सांगाल त्या भाड्यानं राहायला तयार. एकच खोट आहे. तो भाडं देतो ते कागदावर, आणि त्या भाड्यावरची पट्टी मात्र आपण रोख भरायची.

मूळचा तो इंग्रज. एलिझाबेथ राणीच्या काळात, १६०१ साली, गावातल्या गरिबांच्या पोटापाण्यासाठी गावातल्याच जागाधारकांकडून पैसे गोळा करायचा कायदा झाला. कुणी किती द्यायचे यावर पुढची दोनशे-सव्वादोनशे वर्षं ते लोक भांडले. शेवटी १८३६ च्या कायद्यानं तोडगा काढला, की त्या जागेला वर्षाकाठी किती भाडं येईल हे बघा आणि त्यावर आकारा. असा आपला भाडेकरू कायद्यात शिरला. पुढे बोटीत बसून इकडे आला आणि मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात बिऱ्हाड थाटून बसला. १९४७ साली इंग्रज गेले, हा राहिला. भाडेकरू असा सहजासहजी जागा सोडतो होय?

तिकडे इंग्लंडातही तो अजून ठणठणीत आहे. धंद्याच्या जागांची फेरआकारणी तिथे २०२३ पासून दर तीन वर्षांनी होते. १ एप्रिल २०२६ पासूनची यादी १ एप्रिल २०२४ च्या भाड्यांवर बेतलेली, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या बाजारभावाचा हिशेब आज चुकता करायचा. दुकानाचं मोजमाप करायची त्यांची रीत मात्र मला बेहद्द पटली. रस्त्याकडच्या दर्शनी भागाचे पहिले ६.१ मीटर, म्हणजे जुने वीस फूट, पूर्ण दरानं. त्यामागचे वीस फूट निम्म्या दरानं. त्यामागचे पाव दरानं. जसजसं आत जावं तसतसं गिऱ्हाईक कमी, म्हणून मोलही कमी. ज्यानं हे ठरवलं त्यानं आयुष्यात एकदा तरी गल्ल्यावर बसून दुपार काढली असणार.

पण त्याच देशात जिन्यावर कर बसला. त्याचं असं झालं. लंडनमध्ये एका हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडे एकाच इमारतीतला दुसरा आणि सहावा मजला होता. दोन्ही मजले मिळून एक जागा धरा, मोठ्या जागेला दर कमी पडतो, असं तिचं म्हणणं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ साली निकाल लागला, की एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना सगळ्यांचा सामाईक जिना वापरावा लागतो ना, मग या दोन स्वतंत्र जागा. झालं! मूल्यांकन खात्यानं तो निकाल देशभर लावला आणि लागून असलेल्या मजल्यांवरच्या छोट्या कंपन्यांचीही दोन-दोन बिलं झाली. लोक त्याला जिनापट्टी म्हणायला लागले. शेवटी २०१८ साली संसदेला खास कायदा करून ती उठवावी लागली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे अख्खा जिनाच कोर्टात गेला होता.

रिकाम्या जागांची गंमत आणखी वेगळी. ऑफिस रिकामं पडलं तर साधारण तीन महिने माफी, पुढे पूर्ण पट्टी. पण शेतीच्या इमारतींना माफी आहे. तेव्हा काही बहाद्दरांनी रिकाम्या ऑफिसांत खोकी ठेवून त्यांत गोगलगायी पाळल्या आणि ही गोगलगायींची शेती आहे, असं स्थानिक कौन्सिलांना कळवलं. कौन्सिलांनी डोक्याला हात लावला. हे वाचल्यावर मला वाटलं, आपल्याकडचे करबुडवे बिचारे फारच मागासलेले आहेत. आपण फार तर वसुलीवाला दिसला की शटर खाली ओढतो.

मुंबईत या भाडेकरूनं वेगळाच घोळ घातला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० ला जी होती तिथेच गोठवली. पुढे १९६१ मध्ये कलकत्त्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की कायद्यानं जेवढं भाडं घेता येतं त्याहून जास्त भाड्याची अपेक्षा वाजवी म्हणता येणार नाही. म्हणजे आपला न दिसणारा भाडेकरू हा कायदा पाळणाराही निघाला! मोक्याच्या पेठेतल्या जुन्या दुकानाची पागडी लाखांत बोलली जायची, पण पट्टी ठरायची गोठलेल्या भाड्यावर. आणि उपनगरात नवा गाळा घेणारा मात्र चालू बाजारभावानं भरडला जायचा. पन्नासेक वर्षं हे असंच चाललं.

अखेर मुंबई महापालिकेनं १ एप्रिल २०१० पासून भाडेकरूला हात जोडले आणि भांडवली मूल्याची पद्धत आणली. जागेचा रेडी रेकनरचा भाव, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले वापर, बांधकाम, इमारतीचं वय वगैरेंचे भारांक. दर पाच वर्षांनी फेरबदल. पद्धत कागदावर बरी होती, पण नियम करणाऱ्यांचा हात जरा सैल सुटला. मोकळ्या जमिनीवर आज काय आहे ते बघायच्या ऐवजी उद्या तिथे किती चटईक्षेत्र उभं राहू शकेल तेही त्यांनी हिशेबात धरलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! शिवाय २०१२ मध्ये केलेले नियम २०१० पासून लागू केले. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की जमीन आज आहे तशी मोजा, उद्याची स्वप्नं मोजू नका आणि मागल्या तारखेनं वसूल करू नका. मधल्या काळात, १ जानेवारी २०२२ पासून, मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. दुकानांचा झाला नाही. दुकानं मतदान करत नाहीत.

आता आमच्या मामांकडे येतो. मामांचं तालुक्याच्या गावी वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शाळा सुरू होताना तिथे मुंगीला वाव नसतो आणि एरवी मामा पेपरातलं शब्दकोडं सोडवत असतात. नगरपरिषदांना दर चार वर्षांनी कर आकारणीची नवी यादी करावी लागते. तिला चतुर्वार्षिक फेरआकारणी म्हणतात. तिच्यासाठी कुठल्याशा खासगी एजन्सीची दोन पोरं गळ्यात ओळखपत्र अडकवून मामांच्या दुकानात आली. हातात लेझरचं यंत्र. त्याचा लाल ठिपका भिंतीवर नाचायला लागला तसे मामा हरखून गेले. इतक्या वर्षांत त्यांच्या दुकानाकडे एवढ्या बारकाईनं कुणी पाहिलं नव्हतं.

"काका, हा ओटा तुमचाच का?"

"आमचाच म्हणजे? वडिलांनी बांधलाय. एक चिरा हलायचा नाही. बसून बघा."

पोरं बसली नाहीत. त्यांनी ओटा मोजला.

"आणि वर माळा आहे?"

"आहे की! गणपतीची आरास असते वर. मागल्या वर्षीचं मखर दाखवू?"

पोरांनी मखर बघितलं नाही, माळा लिहून घेतला. मामींनी चहा दिला. दोघांनी फॉर्मवर मामांची सही घेतली, दारावर स्टेन्सिलनं आकडा उमटवला आणि शेजारच्या टेलरकडे वळली. मामा दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरं चांगली होती हो. सगळं आपुलकीनं विचारत होती."

ती आपुलकी पुढे छापील नोटिशीतून घरी आली. मामांचं दुकान आतून मोजलं तर १२ चौरस मीटर. नोटिशीत १५ होतं. शिवाय माळा, 'गोदाम' म्हणून. मामा नोटीस घेऊन दुकानातच मटकन बसले आणि मला फोन लावला.

हे आकडे मारतात कसे ते बघा. समजा त्या भागातल्या पक्क्या बांधकामाच्या दुकानाला दर चौरस मीटरला महिना १०० रुपये भाडं धरलंय. १२ मीटरचे महिन्याला १,२००, वर्षाचे १४,४००. त्यातून दहा टक्के गेले, करयोग्य मूल्य १२,९६०. सोयीसाठी सगळे कर मिळून २५ टक्के धरू. पट्टी झाली ३,२४०. आता हेच १५ मीटरनं करा. वर्षाचे १८,०००, वजा जाता १६,२००, पट्टी ४,०५०. म्हणजे ओट्याचे वर्षाला ८१० रुपये. चार वर्षं यादी बदलत नाही, तेव्हा ८१० चोक ३,२४०. वडिलांनी बांधलेल्या ओट्यानं चार वर्षांत अख्ख्या एका वर्षाची पट्टी जास्तीची खाल्ली, आणि माळ्याचा हिशेब अजून मांडलेलाच नाही.

शिवाय दुकान म्हटलं की घरापेक्षा चार गोष्टी वेगळ्या लागतात. शिक्षण कर घरालाही असतो, दुकानालाही. पण रोजगार हमी उपकर हा फक्त बिगर-निवासी जागांना. लोकांना हे ठाऊक नसतं. मामांना मी सांगितलं, तेव्हा ते क्षणभर सुखावले. राज्यातल्या रोजगार हमीला आपण इतकी वर्षं हातभार लावतोय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मामांनी रातोरात हरकत अर्ज लिहिला. दुकानातल्याच फुलस्केपवर, पाठपोट, सुवाच्य अक्षरात. त्यात वाढती महागाई होती, वह्या ऑनलाइन मागवणारे पालक होते, स्वातंत्र्यलढ्यात भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवणारे वडील होते, गटार तुंबल्याची तक्रार होती आणि शेवटी 'आपण सुज्ञ आहात' हे वाक्य होतं. मी तो वाचला आणि म्हटलं, "मामा, फार सुरेख लिहिलंय. दिवाळी अंकाला पाठवा. नगरपरिषदेला दुसरा लिहू."

या सुनावणीत धंदा मंदावल्याचं रडगाणं चालत नाही. गटार तर मुळीच नाही, त्याचं खातं वेगळं. तिथे चालतं ते असं: क्षेत्रफळ चुकलंय का, वापर चुकलाय का, बांधकाम आरसीसी नसताना तसं लिहिलंय का, इमारत जुनी असताना नवी धरलीय का, शेजारच्या तशाच दुकानाला कमी दर आणि आपल्याला जास्त असं झालंय का. बाकी सगळं साहित्य. म्हणून आधी आकारणीचा उतारा मिळवायचा, मग टेप घेऊन स्वतःचं दुकान स्वतः मोजायचं. मामांनी हयातीत हे कधी केलं नव्हतं. टेपचं एक टोक मामींनी धरलं, दुसरं मामांनी, आणि दोघांत बारा की साडेबारा यावरून जुंपली. अधिकाऱ्यासमोरची सुनावणी तुलनेनं शांततेत झाली.

मुदतीची एक गोष्ट. यादी जाहीर झाली की हरकतीला किमान तीस दिवस मिळतात. कलम ११९. जाहीर झाल्याचं रिक्षावरचा भोंगा सांगत फिरतो आणि नेमका आपल्या गल्लीत आला की त्याचा आवाज खरखरतो. मामांचा अर्ज मुदतीत गेला, पण आवक खिडकीवरचा लिपिक म्हणाला, "ठेवा काका, घेतो मी." मामा भिडस्त. ते ठेवून निघणार, तेवढ्यात मी म्हटलं, "पोच?" लिपिकानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या मुलीची पत्रिका मागितली. पण शिक्का मारला, आवक क्रमांक घातला. सरकारी कचेरीत शिक्क्याशिवाय दिलेला कागद म्हणजे इंद्राय तक्षकाय स्वाहा.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात. नगररचना खात्याचे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी मधल्या खुर्चीत, बाजूला कर निरीक्षक, समोर अख्खी बाजारपेठ. एरवी एकमेकांच्या उधाऱ्या बुडवणारे व्यापारी त्या दिवशी सख्ख्या भावांसारखे एका बाकावर बसले होते. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं. एक सराफ आपलं दुकान किती अंधारं, कोंदट आणि गैरसोयीचं आहे हे कळवळून सांगत होते. त्यांच्या नूतनीकरणाची, झुंबरासह, पानभर जाहिरात त्याच आठवड्याच्या साप्ताहिकात होती. निरीक्षकांच्या टेबलावर चहाच्या कपांखाली तेच साप्ताहिक अंथरलेलं.

मामांचा पुकारा झाला. दुर्दैवानं मी त्यांना इंग्लंडची ती वीस फुटांची गोष्ट आदल्या रात्री सांगितली होती.

"साहेब, दुकानाच्या मागच्या भागात गिऱ्हाईक येतच नाही. लंडनला असल्या भागाला निम्मा दर लावतात."

"काका, तुमचं दुकान किती लांब आहे?"

"चौदा फूट."

"मग लंडनलासुद्धा पूर्णच लागेल."

साहेब जाणकार निघाले. मामा गप्प झाले आणि माझ्याकडे वळून एकदा बघून घेतलं.

"ओट्याचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

इथे मात्र खरा पेच होता. ओटा आमचा नाही म्हणावं, तर तो रस्त्यावर आला आणि अतिक्रमण ठरला, उद्या जेसीबी दारात. आमचा म्हणावं, तर पट्टी. अतिक्रमण विभागाचा एक माणूस तिथेच खिडकीजवळ तंबाखू मळत उभा होता. इकडे आड तिकडे विहीर. मामांनी सावकाश पाण्याचा घोट घेतला.

"ओटा आमच्याच हद्दीत आहे साहेब. पण तो उघडा आहे. त्यावर धंदा होत नाही. लोक बसतात."

"वर छप्पर आहे?"

"नाही. आभाळ."

साहेबांनी संगणकाचा पडदा वळवला. ड्रोननं काढलेला बाजारपेठेचा फोटो. मामांच्या ओट्यावर ठसठशीत निळा चौकोन.

"हे काय मग?"

"ताडपत्री. तुमचा ड्रोन भर पावसात आला होता. चार महिने बांधतो, दसऱ्याला सोडतो. आज सोडलेली आहे, माणूस पाठवून बघा. आणि त्याच फोटोत, साहेब, तुमच्या कचेरीवरसुद्धा तसंच निळं आहे."

होतं. गच्ची गळत असल्यानं नगरपरिषदेनं स्वतःच्या इमारतीवर ताडपत्री अंथरली होती. सभागृहात खसखस पिकली. कर निरीक्षक फायलीत तोंड घालून काहीतरी शोधायला लागले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शेरा मारला. माळ्याचं प्रकरण त्याहून लवकर मिटलं. साहेबांनी विचारलं, "उभं राहता येतं का वर?" मामा म्हणाले, "गणपतीला येतं. तो दीड फुटी आहे."

आदेश महिन्याभरानं आला. 'हरकत अंशतः मान्य.' ओटा वगळला, माळा वगळला, दर मात्र तोच. अंशतः हा सरकारी मोठेपणा. पूर्ण मान्य केलं तर आधी पूर्ण चुकलं होतं असं होतं.

शेजारच्या टेलरचं मात्र तसं झालं नाही. त्यांनी ओसरीत मशीन टाकलेलं, मागे घर. पोरांनी मशीन पाहून स्वयंपाकघरासकट सगळंच 'वाणिज्य' लिहिलं. नोटीस आली तेव्हा लग्नसराई, ब्लाउजांचे ढीग, मुदत टळली. आता अपील. तिथे पहिली पायरी अशी, की ज्या रकमेबद्दल तक्रार आहे ती आधी भरायची आणि मग तक्रार करायची. महानगरपालिकांच्या कायद्यातही अपिलाला हीच अट आहे. आधी भरा, मग भांडा. टेलर म्हणाले, "भरायला पैसे असते तर भांडलो कशाला असतो?" वकिलाची फी ऐकली तेव्हा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे त्यांचं त्यांनाच उमगलं. आणि न भरता नुसतं बसून राहावं तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती. वर्षाला चोवीस. गावात खासगी सावकारी करणाऱ्या एकांनी हा दर ऐकून कानाला हात लावला होता.

तिसरा मार्ग राजकारणाचा. दर फेरआकारणीला गावात मोर्चा निघतो, 'जिझिया कर' हा शब्द एकदा तरी भाषणात येतो, पुढारी मंत्रालयात जातात आणि स्थगिती आणतात. फटाके वाजतात. स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे फटाक्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. ती उठली की मधल्या काळातला फरक एकत्र येतो आणि तोवर ते पुढारी दुसऱ्या पक्षात गेलेले असतात. माझं मत विचाराल तर मोर्चात जरूर जावं, ओळखी वाढतात. पण निघण्यापूर्वी अर्ज देऊन पोच घ्यावी.

मामांचा ताडपत्रीचा किस्सा गावभर झाला. सकाळी दुकान उघडायच्या आत चार-सहा जण ओट्यावर, त्याच त्या करमुक्त ओट्यावर, नोटिशी घेऊन बसलेले असायचे. मामांनी मग शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि हरकत अर्जाचा नमुनाच छापून घेतला. मालमत्ता क्रमांक, नोटिशीतलं क्षेत्रफळ, प्रत्यक्ष क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष, शेजारच्या दुकानाचा दर, सही. दहा रुपयाला एक. जोडीला मोजायची टेप, सहा महिन्यांच्या वॉरंटीसह. झेरॉक्स वेगळी. महागाई, मंदी आणि स्वातंत्र्यलढा लिहायचा असेल त्यांना फुलस्केपही मिळायचा, पण मामा तो देताना मान हलवायचे. ऐन भाद्रपदात त्यांच्या दुकानात जूनसारखी गर्दी होती. टेलरची मुदत टळलेली, तरी त्यांना मामांनी अर्ज फुकट दिला, मात्र आधी त्यांच्या ओसरीची आणि स्वयंपाकघराची वेगवेगळी मापं स्वतः जाऊन घेतली.

अर्जांची रीघ लागली तशी नगरपरिषदेतली छापील फॉर्मची थप्पी संपली. तेव्हा आवक खिडकीवरचा तोच लिपिक मामांकडे आला आणि शंभर प्रती मागू लागला.

"हजार रुपये," मामा म्हणाले.

"बिल द्या काका. कार्यालयाकडून मंजूर होऊन येईल."

मामांनी प्रती बांधून दिल्या. बिल केलं, कार्बन घालून दोन प्रतींत. स्थळप्रतीवर लिपिकाची सही घेतली, तारीख घालायला लावली. मग मूळ बिलाच्या तळाशी बारीक, सुवाच्य अक्षरात लिहिलं: रकमेबाबत हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवावी, त्यानंतर दरमहा दोन टक्के शास्ती आकारली जाईल.